हुंदकेवाले सर

त्याला रडणं चालत नसे. रडणं म्हणजे टीव्ही मालिका, असं त्याचं मत. त्याला हुंदका लागायचा, तोही अर्ध्यावर गिळलेला. एखादी नटी मनापासून रडायला लागली की हा मॉनिटरमागून उठायचा, तिच्यासमोर उकिडवा बसायचा आणि कुजबुजायचा, "बाहेर नको. आत. इथं." असं म्हणून स्वतःच्या छातीवर दोन बोटं ठेवायचा. मग ती पुन्हा करायची, पुन्हा करायची, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत तिला खरोखरच धाप लागलेली असायची. तेव्हा हा मान हलवून म्हणायचा, "हां. आता माणूस दिसलं."

युनिटमध्ये त्याला सगळे सर म्हणायचे. पाठीमागं हुंदकेवाले सर.

त्याच्या तीन सिनेमांचे कपडे मी केले. माझं कराडला शिवणाचं दुकान आहे, आणि तरुणपणी पुण्यात नाटकांचे कपडे केल्यामुळं अशी कामं माझ्याकडं येतात. श्रेयनामावलीत 'वेशभूषा' म्हणून माझं नाव आहे. प्रत्यक्षात काम एकच. नव्या साड्या आणायच्या, चहाच्या पाण्यात भिजवायच्या, दगडावर घासायच्या, उन्हात टाकायच्या आणि त्याला दाखवायच्या. तो कापड बोटांत धरून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "ताई, अजून थोडी गरिबी हवी." मी पुन्हा चहा उकळायला टाकायची.

पहिला सिनेमा वीटभट्टीवरच्या बाईचा, दुसरा ऊसतोडीवरच्या नवराबायकोचा. दोन्हींत माणसं दारात उभी राहून लांब बघतात. आमच्या सातारा-सांगलीकडं माणसं दिवसभर एकमेकांची टर उडवत असतात. मयताला गेली तरी परत येताना कुणाची तरी नक्कल करतात. याच्या सिनेमात कुणी शिंकतसुद्धा नाही. वडूजच्या एका म्हाताऱ्या नटानं एकदा बिचकत विचारलं, "सर, ह्या शीनला जरा हसलं तर?" त्यावर यानं त्या नटाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अर्धा तास वेदनेबद्दल सांगितलं. नट मला नंतर म्हणाला, "ताई, आता हसू येनारच न्हाई बगा."

मुलाखतीत तो सांगायचा, "मला या मातीनं घडवलं." त्याच्या वडिलांची ट्रॅक्टरची शोरूम होती आणि त्याच्या मातीवर आधीपासूनच फरशी होती. पण चित्रीकरणाला आला की तो चपला काढायचा. "जमीन ऐकतो मी," म्हणायचा. मागून ड्रायव्हर त्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन चालायचा. आटपाडीची एप्रिलमधली जमीन जे ऐकवायची ते तो साडेदहापर्यंत ऐकायचा, आणि मग गाडीत एसी लावून विचार करायला बसायचा. खाणं, शूटिंग असेल त्या घरातल्या माणसांबरोबर, बाजरीची भाकरी आणि खर्डा. चवथ्या दिवशी गाडीच्या आडोशाला उभा राहून पित्ताचं गुलाबी औषध बाटलीनंच पिताना त्याला सगळ्यांनी बघितलं. कुणाचं लक्ष नाही, अशी त्याची समजूत होती.

तिसरा सिनेमा आटपाडीजवळच्या एका गावात झाला, आणि मला सांगायचंय ते त्याबद्दल.

त्या भागातले पुरुष गलाईच्या धंद्यासाठी परमुलखात जातात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. वर्षातून दोनदा गावी येतात. याला मागं राहिलेल्या बायकोचा सिनेमा करायचा होता. घर मिळालं ते सुरेखाचं. सुरेखा हे तिचं खरं नाव नाही. मी लिहिणार म्हटल्यावर तिनंच ते निवडलं. "लिवा की," ती म्हणाली, "आता ऱ्हायलंय काय झाकायचं? पर नाव जरा बरं द्या." नवरा तमिळनाडूत, एक मुलगी, आणि घरात सासू. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता डाळिंबं आहेत. घर स्लॅबचं, फ्रीज, मिक्सर, खाली पांढऱ्या फरश्या.

पहिल्याच दिवशी यानं फ्रीज शेजाऱ्यांकडं हलवला आणि फरशी शेणानं सारवायला लावली. सासू ओट्यावर बसून बघत होती. तिनं विचारलं, "आवं सायब, शेणानं सारवायलाच फरशी घालायची हुती, तर माझ्या ल्येकानं तिकडं भट्टीम्होरं एवढा धूर कशापायी खाल्ला?"

हा गोठल्यासारखा उभा राहिला. मग डोळे पुसून सहायकाला म्हणाला, "हे वाक्य लिहून घे. जसंच्या तसं." ते वाक्य सिनेमात आहे, एका पडक्या घरातल्या आजीच्या तोंडी. फरशी मात्र सारवलीच.

कोणत्याही घरात गेला की तो थोरल्या माणसाजवळ बसून हळूच विचारायचा, "तुमचं दुःख काय?" सुरेखाच्या सासूला त्यानं पाच-सहा दिवस हेच विचारलं. म्हातारी आधी म्हणायची, "गुडघं." हा हसून मान हलवायचा, म्हणजे हे नव्हे, खरं सांगा. शेवटी एका दुपारी तिनं सांगितलं. तिचा थोरला भाऊ दिवाळीला तिच्यासाठी साडी आणायला म्हणून बाजाराला गेला तो परत आलाच नाही, आणि तेव्हापासून ती भाऊबीजेला रिकाम्या पाटापुढं ओवाळते. यानं ऐकताना तिचे पाय धरले. मी ब्लाउज उसवत बसले होते, मला ते ऐकल्यासारखं वाटलं. ऐकलंच होतं. माझी आई संध्याकाळी जी मालिका बघते, तिच्यातलं ते होतं. रिकाम्या पाटासकट.

तो गेल्यावर मी म्हातारीकडं बघितलं. ती म्हणाली, "लय दीस इचारत हुतं बिचारं. कायतरी द्याया नगं व्हय?"

तो प्रसंग सिनेमात आला. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं की असं दुःख कल्पनेतून येत नाही, त्यासाठी मातीत बसावं लागतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्याला ऐकता यायचं. प्रश्न विचारून तो गप्प बसायचा, आणि ते गप्प बसणं असं असायचं की समोरच्याला वाटावं, या माणसाला जगात दुसरं काही काम नाही. आमच्याकडं बायकांचं बोलणं असं बसून कुणी ऐकत नाही. ऐकता ऐकता कुणी उठतं, कुणी भाकरी मागतं, कुणी "बरं मग?" म्हणतं. हा पायरीवर, तिच्यापेक्षा खाली बसायचा आणि थांबायचा. त्याच्या या कसबावर मीही सुरुवातीला भुलले होते.

अशाच एका दुपारी सुरेखा मटकी निवडत होती, हा खालच्या पायरीवर होता आणि मी दाराशी परकराला टीप घालत होते. हातानं, मशीन नव्हतं. त्यानं विचारलं, "कधी निघून जावंसं वाटलं नाही?"

ती बराच वेळ मटकीतले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "एकदा गेल्ते."

त्यानं हनुवटी गुडघ्यावर टेकवली.

"कायबी झालं नव्हतं बगा. कुणी मारलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. भांडी घासता घासता वाटलं, आता बास. पिशवीत दोन साड्या घातल्या, आत्यास्नी म्हटलं, खरसुंडीला देवाला जाऊन येते, आन् आटपाडीच्या स्टँडवर जाऊन बसले. सांगलीची गाडी आली, ग्येली. सोलापूरची आली, ग्येली. कुठल्या गाडीत चढायचं त्येच ठरंना. मग पोरीची शाळा सुटायची येळ झाली. ती घरात आली की पयली मला हाक मारती. म्हटलं, आज ओ कोन देनार? आले माघारी."

"सासूबाईंना?"

"न्हाई ठाव. ह्यास्नी बी न्हाई. कुणालाच न्हाई. तुमी इचारलं म्हणून..."

"माझ्यापाशीच राहील," तो म्हणाला, आणि दोन्ही हात जोडले. माझ्याकडं बघून सुरेखा जरा लाजली, आणि मी मान खाली घालून टीप घालत राहिले.

पंधरा दिवसांत पटकथेत स्टँडचा प्रसंग आला. बाई पिशवी घेऊन स्टँडवर दिवसभर बसते. मी कागद घेऊन त्याच्याकडं गेले.

"सर, हे त्यांचं आहे. तुम्ही शब्द दिला होता."

"ताई," तो कुजबुजला, "एकदा बोललं गेलं की ते कुणाचंच राहत नाही."

"निदान शाळा सुटायची वेळ तरी काढा. गावात लगेच ओळखतील."

"ती काढलीच आहे. ते कारण पडद्यावर पुरत नाही." त्याच्या कागदावर बाईला स्टँडच्या कुंपणाशी पिल्लू शोधणारी मेंढी दिसते, आणि तिला पाहून ती परत फिरते. एवढी वर्षं मेंढरांच्या घरात नांदलेली बाई मेंढीचं ओरडणं ऐकून जीवनाचा निर्णय बदलेल, असं त्याला वाटत होतं. सुरेखाच्या घरात तर मेंढरं ओरडली की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे.

मी नटीसाठी करड्या रंगाची साडी काढली. शूटिंग वडूजच्या स्टँडवर होतं. सकाळी बघते तर नटीच्या अंगावर हिरवी, बारीक लाल काठाची साडी. ओळखीची. यानं ड्रायव्हर पाठवून सुरेखाकडूनच मागवली होती. "शॉटला हिरवा रंग हवाय," एवढंच सांगून. तिनं धुऊन, घडी घालून दिली होती.

पुढच्या वर्षी सिनेमा तयार झाला. शहरांतून कौतुक झालं, आणि मग याला वाटलं की तो 'ज्यांचा आहे त्यांना' दाखवायला हवा. आटपाडीच्या एका मंगल कार्यालयात पडदा लावला. सगळं गाव आलं. मे महिना होता, आणि हा खादीच्या कुडत्यावर खांद्याला घोंगडं टाकून उभा होता. एकजण म्हणाला, "सर, घोंगडं काढा की, घामाजलाय." हा म्हणाला, "हे माझ्या मातीचं आहे." तो माणूस म्हणाला, "आमच्या बी मातीचंच हाय, पर आमी थंडीत घेतो."

सुरेखा आणि सासू तिसऱ्या रांगेत होत्या. मुलगी मामाकडं गेली होती, हे बरं झालं. मी त्यांच्या मागं बसले. पहिला अर्धा भाग लोक मजेत होते. प्रत्येक भिंत, प्रत्येक कोंबडी ओळखत होते. मग पडद्यावर स्टँड आलं. हिरवी साडी आली. पिशवी आली.

मागून एक बाई म्हणाली, "आगं, ही तर सुरेखाचीच साडी!" दुसरी म्हणाली, "मागं खरसुंडीला म्हणून ग्येल्ती ती. पर त्या दिवशी माझी जाऊबी तिकडंच हुती, तिला न्हाई दिसली." मग कुजबुज रांगेरांगेनं पुढं सरकली आणि आमच्यापर्यंत येऊन थांबली. नवऱ्याचा चुलतभाऊ उठला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. सुरेखाची मान पडद्याकडंच होती, पण पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. म्हातारी सरळ समोर बघत होती.

हा माझ्याजवळ येऊन वाकला. "बघितलंत? खुर्ची हलली नाही एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाल, नारळ आणि फोटो काढणारा माणूस घेऊन सुरेखाच्या घरी निघाला, सत्काराला. मी सुरेखाची ती हिरवी साडी परत करायची म्हणून बरोबर गेले. अंगणात भावकी बसली होती. चुलतभाऊ, त्याचे वडील, आणखी दोन-तीन थोरली माणसं. मधल्या खुर्चीवर मोबाईल ठेवलेला, स्पीकर चालू, आणि त्यातून सुरेखाच्या नवऱ्याचा आवाज. सुरेखा चौकटीला टेकून उभी. असं काही घडत असेल हे याच्या ध्यानात आलं नाही. तो हात जोडून आत शिरला आणि बाजूच्या खुर्चीवर बसला.

चुलतभाऊ मोबाईलकडं बघून म्हणत होता, "म्या काय वंगाळ बोलत न्हाई. तुझी बायकू आटपाडीच्या स्टँडवर पिशवी घिऊन दीसभर बसलीवती, हे गावानं बगितलं. कुणासाठी बसली, कुटं चालली, एवढं तिला इच्चार, म्हंजी झालं."

मोबाईलमधून फक्त कसलासा पंखा ऐकू येत होता.

म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "तिला काय इचारता? मला इचारा. म्याच बसवलीती तिला."

सगळे तिकडं वळले. सुरेखासुद्धा.

"माझी भन यायची हुती सोलापूरच्या गाडीनं. तिला उतरवून घ्याया म्या धाडली. खरसुंडीचं म्याच सांग म्हटलं, न्हाईतर तुमी इचारत बसला आसता, का येती, किती दीस ऱ्हाती. ती काय आली न्हाई. सून बसून बसून आली माघारी. झालं?"

चुलतभावाच्या वडिलांनी मान हलवली. थोरल्या बाईनं चारचौघांत सांगितलं म्हणजे संपलं. दुसरा एकजण तंबाखू मळायला लागला. मी श्वास सोडला.

आणि हा बोलला. आपल्या त्या मऊ, खालच्या आवाजात.

"नाही आजी, तसं नाही. त्या स्वतः मला म्हणाल्या. कुणी पाठवलं नव्हतं. त्या निघाल्या होत्या. हे महत्त्वाचं आहे. त्यांच्या त्या निघण्याचाच तर सिनेमा आहे."

त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण दुष्ट माणसाची चीड तरी येते. त्याला खरोखर वाटत होतं की म्हातारीची काही चूक होतेय आणि ती दुरुस्त केली पाहिजे, नाहीतर सिनेमाचा अर्थ बदलेल. सुरेखाचा चेहरा कसा झाला हे त्यानं बघितलंच नाही. आयुष्यभर चेहरे बघण्याचं काम केलं त्यानं!

मोबाईलमधून नवऱ्यानं विचारलं, "कोन बोलतंय?"

"मी दिग्दर्शक," हा म्हणाला, आणि माझ्याकडं वळला. "ताई, तुम्हीही होतात ना तिथं? सांगा ना."

अंगण माझ्याकडं बघायला लागलं. याच्याकडं माझं पुढचं काम होतं आणि त्याच्याखेरीज त्या वर्षी दुसरं नव्हतंही. पण हे सगळं मला नंतर आठवलं. त्या वेळी मी एवढंच म्हणाले, "मी मशीनवर होते सर. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला. "मशीन? मशीन कुठं होतं?"

म्हातारी म्हणाली, "बाबा, तू बोलतोस बी हळू, आन् तुला ऐकू बी कमी येत आसंल. कान दाखवून घे एकदा."

तंबाखू मळणारा आधी फिसकन हसला, मग चुलतभावाचे वडील, आणि मग सगळं अंगण. चुलतभावालाही हसावं लागलं. हा शाल मांडीवर घेऊन बसून राहिला. लोक हसले की काय करायचं हे त्याला माहीतच नव्हतं.

हसणं थांबल्यावर मोबाईल म्हणाला, "आये, मग मावशी आली का न्हाई त्या दिवशी?"

"तिची गाडी चुकली."

"बरं." मग पलीकडचा पंखा बंद झाला. "सुरेखा हाय का तितं? तिला म्हणावं, दुपारला फोन करतो. एकटीला."

त्या दुपारी त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला सुरेखानं पुढं सांगितलं, पण ते इथं लिहू नका म्हणाली. एवढं लिहायला हरकत नाही की तिनं त्याला खरं ते सांगितलं, आणि गणपतीत तो नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिला.

भावकी उठली. मी साडी द्यायला आत गेले. सुरेखा सासूसमोर उभी होती. "आत्या," ती म्हणाली, "त्या दिवशी म्या खरंच..." म्हातारीनं ताटात भाकरी आणि कालची आमटी वाढली आणि ताट तिच्याकडं सरकवलं. "सकाळपास्नं कायबी खाल्लं न्हाईस. आदी चार घास खा." पुढं एक शब्द नाही, तेव्हाही आणि त्यानंतरही. ठाऊक होतं का, कधीपासून ठाऊक होतं, कोण जाणे. मी साडी कपाटावर ठेवली आणि बाहेर आले.

परतताना तो गाडीत मागं डोळे मिटून बसला होता. भिवघाट गेल्यावर म्हणाला, "ताई, माझ्या आता लक्षात आलं. म्हातारी खोटं बोलत होती."

मी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"तिला माहीत होतं, आणि ती सगळ्यांसमोर खोटं बोलली. सुनेसाठी." त्यानं डोळे उघडले, ते खरोखर ओले होते. "काय ताकदीचं आहे हे! पुढचा सिनेमा हाच. सुनेला वाचवायला भावकीत खोटं बोलणारी सासू. त्याच घरात करू, त्याच अंगणात. माणसं पण तीच घेऊ. आत गेल्यावर त्या एकमेकींना काय म्हणाल्या? तुम्ही होतात ना आत? आठवून सांगा, शब्द न् शब्द."

विटा आलं होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "बाजूला घे रे जरा." समोर चहाची टपरी होती. मी माझी पिशवी उचलली आणि उतरले.

त्यानं काच खाली केली. "ताई," तो म्हणाला, "माझा बिनसाखरेचा."

कराडची एसटी येत होती. मी हात केला.